डॉमिनिकाची वाट गावांतून जाते

जुलै २०२३ मध्ये यशस्वी जयस्वालने कसोटी पदार्पणातच १७१ धावा काढल्या, ते रोसोचे विंडसर पार्क मैदान आपल्याकडे अनेकांनी टीव्हीवर पाहिले. रोसो ही डॉमिनिकाची राजधानी. (डॉमिनिकन रिपब्लिक हा वेगळाच देश.) मैदानापाठीमागे जे हिरवेगार डोंगर दिसतात तेच या देशाचे खरे वैभव आहे. बेट जेमतेम साडेसातशे चौरस किलोमीटरचे, लोकवस्ती सत्तर हजारांच्या आसपास, आणि सर्वांत उंच शिखर मात्र १४४७ मीटरचे. या बेटावर दक्षिणेच्या स्कॉट्स हेडपासून उत्तरेच्या कॅब्रिट्सपर्यंत सुमारे १८५ किलोमीटरची वाईतुकुबुली नॅशनल ट्रेल जाते. तिचे चौदा टप्पे आहेत. युरोपीय संघाच्या मदतीने बांधलेली ही वाट २०११ मध्ये खुली झाली. परदेशी पर्यटकांचा हौसेचा खेळ म्हणून तिच्याकडे पाहणे चुकीचे आहे. रस्ता किंवा पाणीपुरवठा जसा, तशीच ती देशाची सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिच्या देखभालीचा खर्चही त्याच हिशेबाने व्हायला हवा.

या वाटेचा बराचसा भाग नव्याने आखलेला नाही. गावागावांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटाच त्यासाठी साफ केल्या, एकमेकींना जोडल्या. त्यांतल्या काही बेटाच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे कलिनागोंच्या. काही मळ्यांतून पळून जंगलात स्वतंत्र वस्त्या करणाऱ्या गुलामांच्या. या पळालेल्यांना तिथे ‘नेग मावों’ म्हणतात. त्यांचा नायक जाको १८१४ मध्ये मारला गेला. लायू नदीच्या खोऱ्यात कड्यात खोदलेल्या उंच पायऱ्या आजही त्याच्या नावाने ओळखल्या जातात. शत्रूच्या सैनिकांना एकामागून एकच चढता यावे म्हणून त्या इतक्या उंच ठेवल्या, असे सांगितले जाते. सहावा टप्पा पूर्व किनाऱ्यावरच्या कलिनागो प्रदेशातून जातो. ब्रिटिशांनी १९०३ मध्ये त्यांच्यासाठी राखून ठेवलेली ही सुमारे ३७०० एकर जमीन. मळेवाल्यांचा इतिहास किल्ल्यांत आणि हवेल्यांत जपलेला असतो. ज्यांना दगडी इमारती उभारता आल्या नाहीत त्यांचा इतिहास अशा वाटांवरच उरतो, आणि पायाखालची वाट बुजली की तोही जातो.

वाटेला रोजच्या पोटापाण्याची बाजूही आहे. अनेक दशके डॉमिनिका केळ्यांवर जगली. युरोपात तिच्या केळ्यांना सवलत होती. जागतिक व्यापार संघटनेने १९९७ मध्ये त्या सवलतीविरुद्ध निकाल दिला आणि आधीच डळमळीत झालेल्या छोट्या शेतकऱ्यांचा आधार ढासळू लागला. क्रूझ जहाजे हा त्यावरचा उपाय सांगितला जातो, पण जहाजाचा प्रवासी सकाळी उतरतो, संध्याकाळी परततो, जेवण आणि झोप जहाजावरच. सलग टप्पे चालणाऱ्याला मात्र गावात खोली लागते, ताटभर जेवण लागते, अवघड जंगलात वाटाड्या लागतो. कासल ब्रूसमधली खानावळ किंवा पेनव्हिलमधले घर यांना पैसा पोचवणारा दुसरा मार्ग शोधून दाखवावा.

चालणारे मोजकेच, खर्च मात्र मोठा, हा आक्षेप खरा आहे. मुसळधार पाऊस वाट सतत धुऊन नेतो. त्यातच १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ थेट बेटावर आदळले. नुकसान वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २२६ टक्के होते. छप्पर उडालेल्या माणसाला आधी घर हवे, यात दुमत असूच शकत नाही. पण त्याच वादळात रस्ते आणि पूल तुटल्यावर कित्येक गावांपर्यंत पायीच पोचावे लागले होते. चांगली पायवाट अशा वेळी दुसरा मार्ग ठरते. शिवाय पडलेली झाडे कापणे, पायऱ्या बांधणे, नाले वळवणे ही कामे यंत्रांपेक्षा हातांनी होतात, म्हणजे मजुरी गावातच राहते. हा खर्च घरबांधणीतून काढून घ्यायचा नाही. घरे उभी राहताच, पर्यटनाच्या पैशातून, दरवर्षी ठरलेल्या रकमेने करायचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बेटाच्या ज्वालामुखी भागात एक उकळते तळे आहे, तिथपर्यंत केबल कार उभारण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे. लोदा गावापासून तिथे पायी जाऊन परतायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. ज्यांना ते झेपत नाही अशा वृद्धांना, अपंगांना ते तळे दिसू नये का? जरूर दिसावे. मात्र ज्या मॉर्न त्र्वा पितों राष्ट्रीय उद्यानात ते आहे, त्याला १९९७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो तिथल्या ज्वालामुखी भूमीमुळे आणि अखंड जंगलामुळे. पाळणा प्रवाशाला गावांवरून उचलून नेतो. मग त्याच्या तिकिटातला ठरावीक वाटा वाटेच्या दुरुस्तीसाठी आणि वाटाड्यांच्या मजुरीसाठी कायद्याने राखून ठेवणे, हे सरकारने पहिला पाळणा सुटण्याआधी करावे.