ऐकायला मोकळं, वापरायला कितपत?

अमरावतीत काय, अकोल्यात काय, मुलं आम्हाला हमखास एक प्रश्न विचारतात. सिनेमावरचा पॉडकास्ट फुकट ऐकता येतो, मग त्यातला तुकडा कापून आपल्या व्हिडिओत घातला तर बिघडलं कुठे? वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात वापराचे नियम असतात म्हणे, पण ते वाचतं कोण बाप्पा! आज ते नियम वाचायचे कसे, एवढंच पाहू.

उदाहरण आपल्याच मुलखातलं घेऊ. गाडगेबाबांवरचा 'देवकीनंदन गोपाला' हा राजदत्त यांचा चित्रपट १९७७चा. बाबांची भूमिका डॉ. श्रीराम लागूंची. बाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, म्हणून हा सिनेमा आपल्याला घरचा वाटतो. पण घरचा वाटणं वेगळं आणि मालकीचा असणं वेगळं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे इथे २०३७ अखेरपर्यंत. आणि कायद्याच्या लेखी चित्रपटाचा कर्ता दिग्दर्शक नव्हे, निर्माता! आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ही व्याख्या काही पटत नाही, पण आहे ती आहे.

आता समजा, या सिनेमावर कुणी पॉडकास्टचा एक भाग केला. त्या तासाभराच्या आवाजात मालक किती? संवादाचा तुकडा ऐकवला, तो चित्रपटाच्या निर्मात्याचा. मुद्रण झालं, ते पॉडकास्ट काढणाऱ्याचं. पाहुणे बोलले, त्यांचाही हक्क आहे. व्याख्यान देणाऱ्याला कायदा गायक-नटांच्या पंक्तीत बसवतो. म्हणून पॉडकास्टवाल्यांनी तुम्हाला 'खुशाल वापरा' म्हटलं, तरी ती परवानगी त्यांच्या वाट्यापुरतीच. सिनेमाचा तुकडा ते तुम्हाला देऊ शकत नाहीत, कारण तो त्यांचाच नाही.

मग त्यांनी तरी तो कसा वापरला? कलम ५२मुळे. समीक्षा किंवा परीक्षणासाठी केलेला उचित वापर हा हक्कभंग नाही. हाच दरवाजा तुम्हालाही उघडा आहे. पॉडकास्टमधलं एखादं मत खोडून काढायचं असेल, तर ते वाक्य ऐकवून खोडा. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' ही मात्र निव्वळ अफवा. आपल्या कायद्यात सेकंदांचं असं माप नाही. किती घेतलं, कशासाठी घेतलं, मूळ ऐकायची गरजच उरली नाही असं झालं का, हे पाहिलं जातं. आणि मत आपल्या शब्दांत सांगायला तर कुणाचीच परवानगी लागत नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८मध्येच आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सांगितलं. एखाद्या साइटनं 'एक शब्दही उद्धृत करू नये' असा नियम लिहिला, तर आमच्या मते तो उर्मटपणा आहे. सिनेमावर टीका करून पोट भरणाऱ्यांनी स्वतःवरची टीका बंद करावी, हे कसं चालेल?

वर्गाचं सोपं आहे. कॉलेजच्या कार्यक्रमात, विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळींपुरतं ध्वनिमुद्रण ऐकवायला कायद्याची हरकत नाही. हॉल घेऊन तिकीट लावलं, की ही सवलत गेली.

खरा घोळ कापाकापीत होतो. पाहुणे म्हणाले, "काही जण म्हणतात या सिनेमानं बाबांना देव करून टाकलं, मला हे पटत नाही." तुम्ही शेवटचे चार शब्द कापले. वाक्य तेच, आवाज तोच, अर्थ उलटा. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वऱ्हाडात व्हॉट्सअॅपवर त्या माणसाच्या नावानं शिव्या! इथे पैशाचा संबंधच नाही. आपल्या बोलण्याची नावलौकिकाला बाधेल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क २०१२च्या दुरुस्तीनं असं बोलणाऱ्यांनाही मिळाला आहे. नियमांच्या पानावर 'बदल न करता' असे शब्द दिसले, तर तिथे जरा थांबा. त्या पानावरची तीच ओळ आम्हाला सगळ्यांत न्याय्य वाटते.

आमच्या या बोलण्यालाही हेच लागू. जाहीर भाषणावरचा पहिला हक्क बोलणाऱ्याचा. तेव्हा आमचं वाक्य घेऊन आम्हाला खुशाल झोडपा. पण अख्खं व्याख्यान आपल्या चॅनेलवर चढवायचं असेल, तर आमच्याबरोबर आयोजकांनाही विचारा. मुद्रण त्यांचं आहे.