संकटकाळीं परसांतील कोंबड्यांचें जतन
टंचाईंत गरिबाघरच्या कोंबड्या प्रथम विकल्या जातात. परंतु एक कोंबडा व दोन तलंगा राखल्यास पुनः वाढ करितां येते. खुडूक कोंबडीखालीं दहा-बारा अंडीं ठेवावीं. २१ दिवसांत पिलें निघतात. रोह्याकडील पाऊस मुसळधार; म्हणून खुराडें उंच जोत्यावर बांधून आंत भाताचें कोरडें तूस पसरावें. मुंगुसाच्या भयास्तव रात्रीं दार घट्ट लावावें. धान्य नसल्यास कोंडा व खरकटें घालावें. कवच टणक होण्यास शिंपल्यांचा चुरा द्यावा.

खरा घातक रोग मानमोडी, जो १९२७ सालीं राणीखेत येथें आढळला. त्यावर उपचार नाहीं. पिलांस पहिल्या आठवड्यांतच पशुवैद्यकाकडून लशीचा थेंब घालून घ्यावा. मेलेला पक्षी ओढ्यांत न टाकतां खोल पुरावा. एकाच्या हयगयीनें साऱ्या वाडीच्या कोंबड्या जातात.