भिवंडीचं आरमार, टेबलावर मावणारं

जहाजांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या क्लबांना परदेशी जहाजांचे तयार संच मिळतात. भिवंडीकरांना मात्र विषय शोधायला लांब जायला नको. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. १६५९च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात या परिसरात वीसेक लढाऊ नौका बांधल्या जात असल्याचा उल्लेख येतो. कामावर रुय लैतांव व्हिएगस आणि इतर पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीज कॅप्टनने फितवल्यावर ते काम टाकून पळाले!

बनवायचं काय? मराठा आरमारातली गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, साधारण १५० ते ३०० टनांची. गलबत त्याहून लहान, ४०-५० वल्ह्यांचं.

शोभेची प्रतिकृती सोपी, तरंगणारी अवघड. १:५० प्रमाणात लांबी पन्नासाव्या हिश्शावर येते, शिडाचं क्षेत्रफळ २,५००व्या आणि वजन थेट १,२५,०००व्या. म्हणजे १५० टनांची नाव जेमतेम सव्वा किलोची, आणि त्या मानाने शीड अवाढव्य. वाऱ्याच्या पहिल्याच झोताला ती आडवी होते, म्हणून तळाला शिशाचं वजन लावतात.

जुनी प्रतिकृती दुरुस्त करताना आधी दोऱ्यांच्या गाठीन् गाठीचे फोटो काढावेत आणि पुढे सोडवता येईल असाच गोंद वापरावा. वरून चकचकीत व्हार्निश फासणं हा तर गुन्हाच.

विद्यार्थ्यांसाठी वाट एनसीसीची आहे: नौदल शाखेच्या अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात जहाजांच्या प्रतिकृती बांधण्याची स्पर्धा असते.