डॉक्टरांचा फोन म्हणजेच दवाखाना! व्हॉट्सॲपवर पेशंट बघताना कायदा काय सांगतो?



घरात किंवा नात्यात कुणी डॉक्टर असेल, तर "तुला मोबाईलमधलं कळतं ना, जरा बघ रे" हे वाक्य तुम्ही ऐकलं असणार. माझी मावसबहीण सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. शिक्षण एमबीबीएस, दोन खोल्यांचा दवाखाना, एक रिसेप्शनिस्ट आणि या सगळ्यासाठी एकच फोन. त्याच फोनवर घरचा ग्रुप, त्याच फोनवर पेशंटचे रिपोर्ट आणि त्याच नंबरवर यूपीआय. मीच तो फोन सेट करून दिला होता. म्हणजे पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे.

मागच्या दिवाळीत ताईकडे पाहुणे आले होते. हॉलमधला स्मार्ट टीव्ही रिकामा असला की त्यावर अकाउंटमधले फोटो आपोआप फिरायचे. गोव्याची ट्रिप, भाचीचा वाढदिवस, आणि मग अचानक एका हाताचा फोटो, मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ. एका पेशंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला. चेहरा नव्हता, पण हातावर नाव गोंदलेलं होतं. सोफ्यावर बसलेल्या शेजारच्या काकूंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आमच्या गल्लीतली!"

ताईचा चेहरा पडला. फोटो कुणी चोरला नव्हता, फोन हॅक झाला नव्हता. व्हॉट्सॲपचे फोटो गॅलरीत, गॅलरीचा बॅकअप क्लाऊडवर आणि क्लाऊडचं अकाउंट टीव्हीवर, अशी ती साखळी होती. यातलं प्रत्येक बटण मीच चालू केलं होतं. दुसऱ्या दिवशी ताईने त्या पेशंटला स्वतः फोन करून काय झालं ते सांगितलं आणि माफी मागितली. ती बाई एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे पाठवलेलं तुमच्याकडेच राहील असं वाटलं होतं."

त्यानंतर दोन रविवार आम्ही दोघं नियम वाचत आणि फोन नीट करत बसलो. त्यातून जे कळलं ते इथे सोप्या भाषेत मांडतो. मी वकील नाही, त्यामुळे प्रत्यक्ष वाद उभा राहिला तर वकिलाचाच सल्ला घ्या. पण त्याआधीची निम्मी तयारी आपण घरीच करू शकतो.

व्हॉट्सॲपवर पेशंट तपासणं कायदेशीर आहे का?

हो, आहे. २५ मार्च २०२० रोजी, लॉकडाऊनच्या अगदी सुरुवातीला, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. नोंदणीकृत डॉक्टर मेसेज, ऑडिओ किंवा व्हिडिओ, तिन्ही मार्गांनी सल्ला देऊ शकतात. त्यासाठी खास ॲप लागत नाही, साधं व्हॉट्सॲपही चालतं. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी वेगळ्या सूचना आहेत.

मात्र काही अटी आहेत:

१. ओळख: डॉक्टरांनी पेशंटचं नाव आणि वय विचारून खात्री करायची. पेशंटलाही डॉक्टरांचं नाव, पात्रता आणि नोंदणी क्रमांक कळला पाहिजे. पेशंट अल्पवयीन असेल तर सोबत मोठं माणूस हवं.

२. संमती: पेशंटने स्वतःहून मेसेज केला तर संमती आहे असं धरलं जातं. पण तुम्ही आईच्या वतीने मेसेज करत असाल तर आईची स्पष्ट संमती हवी. "मला फोनवरून सल्ला चालेल" असा तिचा एक व्हॉइस मेसेज पुरतो.

३. औषधं: सगळी औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी साधी औषधं कोणत्याही मार्गाने चालतात. काही औषधांसाठी पहिल्या वेळी व्हिडिओ कॉल लागतो, काही फक्त जुन्या पेशंटच्या फॉलोअपला देता येतात. अंमली पदार्थांच्या कायद्यात येणारी आणि शेड्यूल एक्समधली औषधं तर अजिबात देता येत नाहीत. त्यामुळे "डॉक्टर, झोपेची गोळी व्हॉट्सॲपवर लिहून द्या ना" असा हट्ट करू नका. नकार देणारा डॉक्टर नियम पाळत असतो.

४. प्रिस्क्रिप्शन: चॅटमध्ये नुसतं औषधाचं नाव टाईप करणं म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे. सही केलेल्या कागदाचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन पाठवायचं. ते थेट मेडिकलवाल्याला पाठवायचं असेल तर आधी पेशंटला विचारायचं.

५. एआय: एआय डॉक्टरांना मदत करू शकतं, पण पेशंटला सल्ला देणं किंवा औषध लिहून देणं हे त्याने करायचं नाही. हेही त्याच सूचनांमध्ये आहे.

चॅट डिलीट केलं तर काय बिघडतं?

इथेच माझी सगळ्यात मोठी चूक होती. प्रायव्हसी म्हणून मी ताईच्या फोनवर डिसअपिअरिंग मेसेज चालू करून ठेवले होते. सात दिवसांनी मेसेज आपोआप गायब. मला वाटलं, किती सुरक्षित!

पण डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की दाखल पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायच्या आणि पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. टेलिमेडिसिनच्या सूचनांनुसार फोनवरच्या सल्ल्याचीही नोंद, म्हणजे चॅट, रिपोर्ट, फोटो आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत, जपायची असते.

आणखी एक गोष्ट. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात निकाल दिला की फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. म्हणजे पेशंट ग्राहक आयोगात जाऊ शकतो. तिथे "मी तेव्हा तपासायला या असं सांगितलं होतं" हे नुसतं तोंडी सांगून भागत नाही. तो मेसेज दाखवावा लागतो. जो मेसेज डॉक्टरला वाचवणार होता, तोच मी सात दिवसांनी पुसत होतो.

पेशंटचा डेटा: नवा कायदा

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. दवाखाना लहान असो की मोठा, पेशंटची माहिती फोनवर ठेवली की ती सांभाळण्याची जबाबदारी डॉक्टरवर येते. माहिती फुटली तर ज्याची माहिती आहे त्याला कळवावं लागतं. सुरक्षेत हलगर्जीपणा झाला तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. गावातल्या दवाखान्याला कुणी एवढा दंड लावेल असं नाही, पण कायदा हा विषय किती गंभीरपणे घेतो ते यावरून कळतं.

ताईने पेशंटला फोन केला तेव्हा तिच्या डोक्यात हा कायदा नव्हता. ते तिला बरोबर वाटलं म्हणून तिने केलं.

आम्ही फोनमध्ये काय बदललं?

चला, आता कामाचं बघूया. हे सगळं फुकट आहे आणि तासाभरात होतं.

१. वेगळा नंबर: दवाखान्यासाठी नवीन सिम आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस. प्रोफाईलमध्ये नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक आणि वेळ.

२. आपोआप जाणारा मेसेज: अवे मेसेजमध्ये लिहिलं, "दवाखाना बंद आहे. छातीत दुखणं, धाप लागणं, बेशुद्धी असेल तर उत्तराची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा."

३. मीडिया व्हिजिबिलिटी बंद: सेटिंग्जमध्ये चॅट्सखाली हा पर्याय असतो. बंद केल्यावर नवीन फोटो गॅलरीत दिसत नाहीत. जुने मात्र तसेच राहतात, ते हाताने हलवावे लागतात.

४. फोटो बॅकअपमधून व्हॉट्सॲपचं फोल्डर काढलं. दवाखान्याचं ईमेल अकाउंटही वेगळं केलं, जे घरच्या टीव्हीवर किंवा मुलांच्या टॅबवर लॉगिन नाही.

५. टू-स्टेप व्हेरिफिकेशन आणि ॲप लॉक चालू. चॅट बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलं. त्याचा पासवर्ड विसरला तर बॅकअप उघडत नाही, म्हणून तो कागदावर लिहून कपाटात ठेवला.

६. डिसअपिअरिंग मेसेज बंद. दवाखाना बंद करताना त्या दिवसाची प्रिस्क्रिप्शन्स आणि रिपोर्ट तारखेच्या फोल्डरमध्ये जातात.

७. लिंक्ड डिव्हाइसेस तपासणं: रिसेप्शनिस्टच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप चालतं. काम सोडून गेलेल्या जुन्या मुलीचं लॉगिन आठ महिने तसंच चालू होतं! आता दर महिन्याच्या एक तारखेला यादी बघतो.

पैशाचं काय?

ताईचा यूपीआय तिच्या बचत खात्यावर होता. भाजीचे पैसे, भिशी आणि पेशंटची फी एकाच यादीत. आता दवाखान्याच्या नावाने चालू खातं आणि त्याचा मर्चंट क्यूआर आहे. ऑनलाइन सल्ल्यालाही फी घेता येते, पण पावती द्यायची आणि त्यावर नोंदणी क्रमांक असायला हवा.

हिशेब वेगळा ठेवल्याचा फायदा टॅक्समध्ये दिसतो. डॉक्टरांसारख्या व्यावसायिकांना अंदाजित उत्पन्नाची योजना आहे, जी ४४एडीए या कलमाच्या नावाने ओळखली जाते. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल तर निम्मं उत्पन्न नफा धरून टॅक्स भरता येतो. रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ७५ लाख होते. उपचारांच्या फीवर जीएसटी नाही, पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या कॉस्मेटिक सर्जरीला ती सूट मिळत नाही.

वाईट रिव्ह्यू आला तर?

मॅपवर एकाने ताईला एक स्टार दिला होता. मी रागाने उत्तर लिहून ठेवलं, "तुम्हाला शुगर आहे, सांगूनही पथ्य पाळलं नाही." ताईने ते पाठवू दिलं नाही. पेशंटने काहीही लिहिलं तरी त्याचा आजार चारचौघांत सांगायचा डॉक्टरला अधिकार नाही. तिने लिहिलं, "कृपया दवाखान्यात येऊन भेटा, आपण बोलू." बास.

तसंच इन्स्टावर "आधी आणि नंतर" असे पेशंटचे फोटो टाकणं किंवा ऑफरची जाहिरात करणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत बसत नाही. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, फी इतकी आहे, एवढं साधेपणाने कळवता येतं.

फुकटात मिळणारी सरकारी मदत

आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये डॉक्टरांना स्वतःची आणि दवाखान्याची नोंदणी ऑनलाइन करता येते. पेशंटला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो आणि त्याच्या संमतीने रिपोर्ट शेअर होतात. टेलिमेडिसिनच्या सूचनांची पीडीएफ सरकारी साइटवर आहे आणि औषधांच्या याद्या त्यातच आहेत. ताईने त्या याद्यांची प्रिंट टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. व्यावसायिक जबाबदारीचा विमा असेल तर फोनवरचा सल्ला त्यात धरला आहे का, हे एजंटला लेखी विचारा.

मागच्या महिन्यात ती हातावर गोंदण असलेली बाई परत दवाखान्यात आली. यावेळी तिने फोटो पाठवला नाही, स्वतः आली. ताईने नवीन नंबर दिला, तेव्हा तिने विचारलं, "हा टीव्हीला जोडलेला नाही ना?" दोघी हसल्या. पण नंबर तिने सेव्ह केला की नाही, ते ताईला माहीत नाही.

तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांचा फोन तुम्ही सेट करून दिला असेल, तर या रविवारी एकदा हातात घ्या आणि वरचे सात मुद्दे तपासा. काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा. आणि हा लेख घरातल्या डॉक्टरांना नक्की पाठवा, हवं तर व्हॉट्सॲपवरच!