पोटखराब्यातलं धन



लागण, पाणी, खत यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज जिथं ऊस बसत नाही, त्या जागेविषयी बोलू.

मेढ्याच्या आसपास, वेण्णेच्या दोन्ही अंगांना, पुष्कळांच्या सातबाऱ्यावर थोडाफार पोटखराबा आहे. तालीचा चढ, ओघळीचा काठ, जांभ्याचा उघडा कातळ. ‘फुकट पडलाय, मशीन लावून सपाट करू,’ असं आपण सहज म्हणतो. आमचं म्हणणं एवढंच, की आधी एक पावसाळा जाऊ द्या आणि तिथं काय उगवतं ते पाहा.

आपल्या कासच्या सड्यावर पहिल्या पावसात वायतुरा फुलतो. शास्त्रज्ञांनी १९८२ साली त्याला नाव दिलं, तेही साताऱ्यावरून : अपोनोजेटन सातारेन्सिस. उरलेलं वर्ष त्याचा कंद वीतभर मातीत झोपलेला असतो. माती खरवडली, की वंशच संपला. २०१२ साली कास जागतिक वारशात गेलं. पण असा कातळ काही एकट्या कासलाच नाही.

दुसरी कंदीलपुष्पाची वेल. फूल कंदिलासारखं. नळीतल्या केसांमुळं बारीक माशी आत अडकते. केस सुकले की पराग घेऊन सुटते. हिच्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कुठंच नाहीत. कंद खाण्याजोगा, म्हणून गुराखी पोरं उकरून खातात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि सहकाऱ्यांनी अशा वेलींची रोपं वाढवून पुन्हा डोंगरात लावली. पण लावलेली वेल टिकणार ती जागा राहिली तरच.

यातून पैसा मिळेल असं आम्ही म्हणत नाही. पण खर्चही नाही. एवढं करा :

१. पाचट पेटवू नका, सरीत आच्छादन करा. पेटवलंच, तर आग तालीवर जाऊ देऊ नका.

२. तणनाशकाचा पंप बांधाच्या आतच थांबवा.

३. कातळावरची माती उचलू नका.

४. फुलं झडून बी पडेपर्यंत, दिवाळीपर्यंत, तिथं गुरं सोडू नका.

५. पोरांना वेल दाखवा, पण कंद जमिनीतच राहू द्या.

वाडवडिलांनी देवराईला कुऱ्हाड लावली नाही, ती देवाच्या धाकानं. आपल्या पोटखराब्याला देव नाही, मालक आहे. तो धाक आता आपणच धरायचा.