अ‍ॅनिमे नाट्यातील सूडभावना, विवेक आणि मैत्री

अनावर विकाराला विवेक आवरू शकतो काय, हा प्रश्न जपानी अ‍ॅनिमे मालिकांतून वारंवार उपस्थित होतो. हिरोमु आराकावा यांच्या चित्रकथेवर आधारित 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहूड' (२००९-१०) या ६४ भागांच्या मालिकेच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

कर्नल रॉय मस्टँग आपल्या मित्राचा, ह्यूजचा, मारेकरी एन्व्ही याला जाळून मारण्यास सिद्ध होतो. येथे सूडाचा उगमच मैत्रीत आहे, हे लक्षणीय होय. एडवर्ड आणि एकेकाळी स्वतः सूडाने पेटलेला स्कार त्याला परिणामांची जाणीव करून देतात. परंतु केवळ युक्तिवादाने तो थांबत नाही. त्याची सहकारी रिझा हॉकआय त्याच्यावर पिस्तूल रोखते. आपण मार्गभ्रष्ट झालो तर गोळी घालावी, असे त्यानेच तिला पूर्वी सांगितलेले असते. त्याच्यानंतर आपणही जगणार नाही, हे ती स्पष्ट करते आणि मस्टँग माघार घेतो.

यावरून असे दिसते की, विकाराच्या क्षणी एकटा विवेक दुबळा ठरतो. मात्र शांत मनाने केलेला संकल्प मित्राच्या स्वाधीन केलेला असल्यास तो टिकतो. मैत्री विवेकाची जागा घेत नाही, त्याची राखण करते.