यूएनची भरती कधी निघते?

माजलगावात धरणाकडच्या रस्त्यावर पहाटे पाच-साडेपाचला भरतीची पोरं पळत असतात. एकाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, बाकीच्यांचं लक्ष 1600 मीटरच्या वेळेवर. परवा त्यातल्या एकाने धापा टाकतच विचारलं, "काका, यूएनची भरती कधी निघती? तिथं म्हणे महिन्याला लाखाच्या वर पगार असतो."

यूएनच्या शांतिसैनिकांची भरती निघत नाही, कारण संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचं सैन्यच नाही. सनदेच्या 43 व्या कलमात देशांनी सुरक्षा परिषदेच्या हाती फौजा ठेवाव्यात अशी सोय आहे, पण ती कधीच अमलात आली नाही. त्यामुळे प्रत्येक मोहिमेच्या वेळी झोळी घेऊन देशोदेशी फिरावं लागतं. पाठवायचं की नाही, हे ज्या त्या देशाच्या मर्जीवर. 1956 मध्ये सुएझच्या भांडणात पहिली सशस्त्र शांतिसेना उभी राहिली, तेव्हा ओळखीसाठी ठरलेल्या निळ्या टोप्या वेळेत मिळेनात. शेवटी अमेरिकी हेल्मेटांच्या आतल्या प्लास्टिकच्या टोप्यांवर निळा रंग फवारून वेळ मारून नेली. त्या टोपीखालचा सैनिक मात्र आपल्याच देशाचा राहतो. मोहिमेपुरता तो संयुक्त राष्ट्रांच्या फोर्स कमांडरचं ऐकतो. गुन्हा केला तर खटला त्याचा देश चालवतो, आणि सरकारने परत बोलावलं की तो परत येतो.

आपल्याकडे घोटाळा 'शांतिसेना' या शब्दानेही केला आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना हा शब्द ऐकला की श्रीलंका आठवते. 1987 ते 1990 या काळात तिथे गेलेली भारतीय सेना संयुक्त राष्ट्रांची नव्हती. राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी 29 जुलै 1987 रोजी केलेल्या करारापोटी ती गेली. आपले अकराशेहून अधिक जवान तिथे कामी आले. नाव शांतीचं होतं, पण निळी टोपी नव्हती आणि सुरक्षा परिषदेचा ठरावही नव्हता.

आता त्या लाखाच्या पगाराकडे येऊ. या गैरसमजाला थोडा आधार आहे. संयुक्त राष्ट्रं दर सैनिकामागे दरमहा ठरावीक रक्कम देतात. 2018 मध्ये ती 1,428 डॉलर झाली, नंतर थोडी वाढली. आजच्या भावाने लाखाच्या वरच. पण ती सरकारला मिळते आणि प्रत्येक देशाला सारखीच. सैनिकाला त्याचं सरकार नेहमीचा पगार आणि परदेशाचा भत्ता देतं. संयुक्त राष्ट्रांकडून थेट त्याच्या हातात पडणारा रोजचा भत्ता कित्येक वर्षं 1 डॉलर 28 सेंट होता. चहा-नाश्त्याचे पैसे म्हणा. मोठा पगार देणाऱ्या श्रीमंत देशाला हा व्यवहार आतबट्ट्याचा पडतो, कमी पगाराच्या देशाच्या तिजोरीत चार पैसे उरतात. तेही वेळेवर येतील याचा भरवसा नाही, कारण बडे देशच वर्गणी थकवतात. उसाचं बिल ज्याचं कधी अडकलं असेल, त्याला हे जास्त समजावून सांगायला नको.

"गरीब देश पैशासाठी पोरं पाठवतात" हे अर्धंच खरं का, ते भूतानकडे पाहून कळतं. सगळ्या भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत-बाहेर, तर बीड जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत होती 25 लाख 85 हजार. 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सभासद झालेल्या या देशाने शांतिमोहिमांत पाऊल टाकलं 2014 मध्ये, तेही मोजके अधिकारी पाठवून. पुढे 2022 मध्ये सुमारे 180 जणांची तुकडी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात गेली. एवढ्यावर कुणाची तिजोरी भरत नाही. मला यात वेगळा हिशेब दिसतो. ज्या सैन्याला घरी लढाईचा प्रसंग क्वचित, त्याला अनुभव मिळतो, आणि जगाच्या बैठकीत छोट्या देशाचंही नाव निघतं. उद्या आपल्यावर वेळ आली तर आपणही कुणाच्या मदतीला गेलो होतो, हे सांगता येतं.

पण त्याची किंमतही असते. आयर्लंड 1960 मध्ये काँगोत गेला. 8 नोव्हेंबरला निएम्बा इथे त्यांच्या 11 जणांच्या गस्ती पथकावर हल्ला झाला आणि 9 जण मारले गेले. डब्लिनमध्ये अंत्ययात्रेला लाखोंची गर्दी लोटली. तरी देशाने माघार घेतली नाही. जवळपास भूतानएवढ्या लोकसंख्येच्या फिजीचे 45 सैनिक 2014 मध्ये गोलान टेकड्यांवर ओलीस धरले गेले होते. ते सुखरूप सुटले. भारताचे आजवर 2 लाख 90 हजारांहून अधिक लोक अशा मोहिमांवर गेले आणि सुमारे 180 परतले नाहीत. "तिथं नुसता पहारा असतो" म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

गोळी चालवायचीच नाही, असाही नियम नाही. स्वसंरक्षणासाठी आणि सोपवलेल्या कामाच्या रक्षणासाठी चालवता येते. कॅप्टन गुरबचन सिंग सालारिया यांना परमवीर चक्र मिळालं ते डिसेंबर 1961 मधल्या काँगोतल्याच कामगिरीसाठी, मरणोत्तर.

आणि कधी गोळी न चालवण्यातच खरी कसोटी लागते. कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात 1953 मध्ये सुमारे 6 हजार भारतीय जवान घेऊन युद्ध थांबलेल्या कोरियात गेले. तांत्रिकदृष्ट्या ही संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना नव्हती, युद्धकैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचं काम होतं. मायदेशी परतायला नकार देणारे 22 हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैदी सांभाळायचे होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके चिडलेले, की आपल्या भूमीला भारतीय सैनिकांचे पाय लागू द्यायला तयार नव्हते. मग जवानांना जहाजावरूनच अमेरिकी हेलिकॉप्टरांनी थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडलं. तिथे चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना कुंपणाच्या आत ओढून ठेवलं. बाहेरून गोळीबार केला असता तर ग्रेवाल वाचले नसते आणि कैद्यांचं हत्याकांड झालं असतं. थोरात स्वतः आत शिरले, बोलणी केली आणि ग्रेवालांना घेऊनच बाहेर आले.

1954 च्या सुरुवातीला हे काम संपलं. बहुतेक कैदी तैवानला किंवा दक्षिण कोरियात गेले. 88 जणांना दोन्हीपैकी कुठलीच बाजू नको होती. ते परतणाऱ्या जवानांबरोबर भारतात आले.